बाई सुंदराबाई : एक विसरलेले ऋण



रावेरहून खांडव्याकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात बऱ्हाणपूरच्या स्थानकात शिरते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रवास लग्नकार्याच्या किंवा बाजाराच्या निमित्ताने केलेला असेल. बऱ्हाणपूरला तापीच्या पैलतीरावर झैनाबाद आहे. १६५३ च्या सुमारास शाहजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून येताना बऱ्हाणपुरास थांबला होता. त्या मुक्कामात झैनाबादच्या आहुखान्याच्या बागेत त्याच्या दृष्टीस हिराबाई नावाची एक गायिका पडली आणि त्याचे देहभान हरपले, असे फारसी तवारिखकारांनी लिहून ठेवले आहे. ज्या बादशहाने पुढे दरबारातले गाणे बंद केले, तो तरुणपणी एका गाणारणीसाठी वेडा झाला होता. ही हिराबाई ऐन तारुण्यात वारली. तिचे नाव इतिहासात राहिले, तेही बादशहाच्या नावाला चिकटून. तिचे गाणे मात्र तापीच्या वाऱ्याबरोबर गेले.

आता आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण घेऊ. असोद्याच्या लेकीने, बहिणाबाई चौधरी यांनी, जात्यावर आणि शेतात गाणी रचली. त्यांचा जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती गाणी वेळोवेळी उतरवून घेतली होती. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांपुढे ठेवले, अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. एक वही उरली म्हणून महाराष्ट्राला एक कवयित्री मिळाली. तथापि त्या ओव्या बहिणाबाईंच्या गळ्यातून कशा उमटत, हे आज कोणालाही ऐकता येत नाही. शब्द उरले, आवाज गेला.

हिराबाईचे केवळ नाव उरले. बहिणाबाईंचे शब्द उरले. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, तिचे नशीब याहून निराळे. तिचा आवाज उरला, चाली उरल्या, त्या चाली महाराष्ट्राच्या ओठांवरही राहिल्या. आणि नाव मात्र सामान्य रसिकाच्या स्मरणातून निसटून गेले. ही गायिका म्हणजे पुण्याच्या बाई सुंदराबाई जाधव.

प्रथम आमच्या स्वतःच्या अज्ञानाची कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका संग्राहकाने जुन्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेली गाणी आम्हांस ऐकविली. त्यांत एक स्त्रीचा आवाज होता. ठाशीव, मोकळा, किंचित जाडसर. शब्द असा टाकलेला की जणू समोर बसून कोणी बोलते आहे. आणि बोलता बोलता मध्येच एखादी लहानशी मुरकी अशी घेतलेली की श्रोत्याने मान हलवावी तोवर ती संपलेलीही असावी. आम्ही मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, "या बाईंवर बालगंधर्वांची छाप दिसते." संग्राहक हसले. म्हणाले, "उलटे बोललात. बालगंधर्वांनी यांच्याकडून घेतले आहे." त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. कर्जदाराला सावकार आणि सावकाराला कर्जदार समजण्याची ही चूक आमची एकट्याची नव्हती. अवघ्या दोन पिढ्यांनी ती केली होती.

सुंदराबाईंचा जन्म पुण्यात १८८५ साली झाला. म्हणजे त्या बहिणाबाईंहून पाच वर्षांनी लहान आणि बालगंधर्वांहून तीन वर्षांनी मोठ्या. त्यांचे गाणे बैठकीचे होते. लावणी, ठुमरी, दादरा, गझल, भजन हे प्रकार त्या गात. मराठी जितक्या सहजतेने गात तितक्याच सहजतेने हिंदी आणि उर्दूही. उत्तरेकडची ठुमरी आणि मराठी मातीतली बैठकीची लावणी हे दोन्ही प्रवाह त्यांच्या गळ्यात एकत्र आले होते. ठुमरीचा खरा कस शब्दाच्या उच्चारात असतो. एकच ओळ चार वेळा गायची आणि दर वेळी तिच्यातून वेगळा अर्थ काढायचा, कधी आर्जव, कधी रुसवा, कधी टोमणा. लावणीलाही हेच सामर्थ्य लागते. या दोन्हींचा मेळ ज्या गळ्यात बसला, त्या गळ्याकडे मराठी रंगभूमीचे लक्ष गेले नसते तरच नवल.

ते लक्ष कधी गेले, हे नाट्यसंगीताच्या इतिहासात नमूद आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. 'एकच प्याला' हे त्यांचे नाटक रंगभूमीवर यायचे होते. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. गडकऱ्यांच्या मृत्यूला महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या संसारातली सिंधू बालगंधर्वांनी उभी केली, आणि सिंधूच्या पदांनी प्रेक्षकांना रडविले. त्या पदांच्या चाली सुंदराबाईंच्या. त्यांच्या संग्रहातल्या बंदिशींवरून त्या घेतल्या, आणि बालगंधर्वांनी त्या स्वतः सुंदराबाईंकडून आत्मसात केल्या.

याचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून त्यापूर्वीची स्थिती थोडक्यात सांगतो. १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. त्या रागदारीने भरलेल्या, राजकन्येला शोभतील अशा भरजरी. रुक्मिणी हे पात्रच तसे. सिंधू ही मात्र फाटक्या लुगड्यात दळण दळणारी गृहिणी. तिच्या तोंडी भरजरी तान शोभली नसती. तिला हवे होते साधे, काळजाजवळचे, बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात उतरणारे सूर. हे सामर्थ्य ठुमरी-दादऱ्यात होते, आणि ते सुंदराबाईंच्या गळ्यात तयार होते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, पतिव्रतेच्या दुःखाला मराठी रंगभूमीवर जो सूर लाभला, तो बैठकीत गाणाऱ्या एका बाईने दिला. ज्या बायकांना सभ्य घराच्या ओटीवर कोणी बोलावीत नसे, त्यांच्याच सुरांनी सभ्य घरांतल्या बायका थिएटरात डोळे पुसत होत्या. आपल्या समाजाच्या इतिहासातील हा विरोध आम्हांस फार बोलका वाटतो.

मग नाव का पुसले गेले? कोणी ते मुद्दाम लपविले असे आम्ही म्हणत नाही. जाणकारांत ही गोष्ट ठाऊकच होती. परंतु कीर्ती टिकण्यासाठी काही साधने लागतात. नाटकाला छापील संहिता असते, जाहिरात असते, गावोगाव फिरणारी मंडळी असते. नट पडद्यासमोर उभा राहतो. चाल देणारा विंगेच्याही मागे असतो. बैठकीच्या गाण्याला यांपैकी काहीच नसते. दिवाणखान्यात पंचवीस माणसे ऐकतात, पहाटे उठून घरी जातात, आणि ती माणसे गेली की ते गाणेही जाते.

दुसरे कारण अधिक कटू आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित वर्गाने गाणे आपलेसे केले, विद्यालये काढली, मुलींना शिकविले. हे उत्तमच झाले. पण त्याच हाताने जुन्या गाणाऱ्या बायकांना दाराबाहेर ठेवले. ज्यांचे खासगी जीवन लोकांत निंद्य मानले जाते अशा गायिकांना नभोवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण १९४६ च्या सुमारास सरकारी पातळीवरून ठरले होते. गाणे हवे, गाणारीण नको, अशी ही वृत्ती. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवरही तिची खूण सापडते. घरंदाज गायकगायिकांच्या नावापुढे 'हौशी' या अर्थाचा इंग्रजी शब्द छापीत, म्हणजे ही व्यक्ती धंदेवाईक नव्हे हे गिऱ्हाइकाला कळावे. आमच्या या गायिकेचे नाव 'बाई सुंदराबाई' असेच रूढ झाले. नावाच्या मागे बाई आणि पुढेही बाई! पुढची बाई म्हणजे आदर. मागची बाई म्हणजे समाजाने मारलेला शिक्का.

तरीही त्यांनी नव्या काळाशी सामना केला, हे विसरता कामा नये. प्रभातचा 'माणूस' हा व्ही. शांताराम यांचा बोलपट १९३९ साली निघाला. पोलीस शिपाई गणपत आणि बदनाम वस्तीतली मैना यांची ती कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांची कामे सर्वांना आठवतात. त्यात गणपतची भाबडी, देवभोळी आई सुंदराबाईंनी केली आहे, आणि तिच्या तोंडी भजनही आहे. ज्यांना त्यांना पाहावयाचे आहे त्यांना आजही तेथे पाहता येते. वाकलेली, मायाळू, पुजेत रमलेली म्हातारी. हिनेच वीस वर्षांपूर्वी सिंधूच्या कंठी दुःखाचा सूर घातला होता, हे पाहणाऱ्यांपैकी कितीकांस ठाऊक असेल? १९५५ साली सुंदराबाई निवर्तल्या.

आता तबकडीकडे वळू. कारण तिच्यामुळेच आज हे व्याख्यान शक्य झाले. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी ध्वनिग्राहक नव्हता. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, आणि त्या कंपाने सुई मेणात रेघ ओढायची. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तबकड्या तिथे दाबल्या जात. कलकत्त्याजवळ सियालदाहला कारखाना निघाला तो १९०८ साली. परदेशातल्या कारागिराला गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारी. ही प्रथा कारखान्याच्या सोयीसाठी पडली. परंतु आज ती ऐकताना अंगावर काटा येतो. मी गायले, माझे नाव लक्षात ठेवा, असेच जणू ती बाई शंभर वर्षांपलीकडून सांगते आहे.

तबकडी लाखेची. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे. जी ठुमरी बैठकीत पाऊण तास रंगायची, ती तीन मिनिटांत बसवायची. सुंदराबाईंसारख्या कलावंतिणींनी हा संक्षेप साधला, ही लहान गोष्ट नव्हे. पण लाख ठिसूळ असते. तबकडी हातातून पडली की तिचे तुकडे होतात. न पडली तरी पोलादी सुईने दर वेळी थोडी झिजते. गंमत अशी की, जी तबकडी लोकांना अतिशय आवडली तीच सर्वांत जास्त झिजली. पुढे मोठ्या तबकड्या आल्या, फिती आल्या; जुनी यंत्रे अडगळीत गेली, आणि तबकड्या भंगारवाल्याकडे.

त्या भंगारातून त्या वेचल्या काही वेड्या माणसांनी. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची मंडळी एकत्र आली. नारायण मुलाणी, सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी तबकड्या जमविल्या, याद्या केल्या, श्रवणसभा भरविल्या, नियतकालिक चालविले. कंपन्यांनाही आपल्या तळघरातल्या ठेव्याची आठवण झाली. आग्र्याच्या जोहराबाईंचे उदाहरण पाहा. १९०८ ते १९११ या काळात त्यांनी साठांहून अधिक गाणी मुद्रित केली, आणि १९१३ साली त्या वारल्या. त्यांतील अठरा गाणी १९९४ साली ध्वनिफितीवर आणि २००३ साली तबकडीच्या नव्या अवतारात पुन्हा निघाली. फैयाजखाँसारखे गवई ज्यांना मानीत, त्या जोहराबाई म्हणजे केवळ दंतकथा नव्हे, हे ऐंशी वर्षांनी सामान्य श्रोत्याला स्वतःच्या कानांनी पटले.

अशीच एक हकीकत अमेरिकेतील आहे. मिसिसिपी प्रांतातल्या जॉन हर्ट नावाच्या एका काळ्या शेतमजुराने १९२८ साली काही गाणी मुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत. हा गडी परत शेतावर गेला. १९५२ साली हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या तबकड्यांतील चौऱ्याऐंशी गाण्यांचा एक संच काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती. ती तरुणांनी ऐकली आणि गायकाचा शोध सुरू झाला. सापडेना. शेवटी त्याच्याच दुसऱ्या एका गाण्यात अ‍ॅव्हेलॉन या त्याच्या गावाचे नाव आहे, यावरून १९६३ साली एक तरुण त्या खेड्यात गेला, तो म्हातारा जिवंत! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंनी त्याला ऐकले. १९६६ साली तो वारला, पण आपली कदर झालेली पाहून वारला.

हर्टला ते भाग्य लाभले. सुंदराबाईंना लाभले नाही. त्यांच्या दारी शोध घेत कोणी जायचे, तर ते १९५५ पूर्वी जायला हवे होते. आपण उशीर केला.

परंतु जुने गाणे नव्याने काढणे म्हणजे केवळ नक्कल करणे नव्हे. तबकडीवर वेग अठ्ठ्याहत्तरचा म्हणून सांगितला, तरी प्रारंभीच्या काळी मुद्रणाचे वेग कमीअधिक असत. चौऱ्याहत्तरने मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजविली की आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येते, आणि भारदस्त गळा उगाच पोरकट वाटतो. जुनी खाच नंतरच्या मोठ्या तबकडीच्या खाचेहून सुमारे तिप्पट रुंद. तीत बारीक सुई घातली तर ती तळाशी भरकटते आणि केवळ खरखर ऐकू येते. ती खरखर अतिउत्साहाने पुसून काढली, तर तिच्याबरोबर आवाजातील धारही पुसली जाते. तेव्हा पुनर्मुद्रण हे पोथी शोधून शुद्ध पाठ सिद्ध करण्याइतके जबाबदारीचे काम आहे.

आणि पाठ शुद्ध झाला तरी मलपृष्ठ कोरे राहता कामा नये. आज मोबाइलवर बोट ठेवताच शेकडो जुनी गाणी वाजतात. पण गायिका कोण, साल कोणते, साथ कोणाची, हे बहुधा लिहिलेले नसते. कित्येकदा चुकीचे लिहिलेले असते. असे झाले की आवाज पुन्हा अनाथ होतो. आम्ही सुरुवातीला जी चूक केली, ती अशा अनाथ आवाजामुळेच. गाणे ऐकण्यापूर्वी कोणी आम्हांस एक नाव आणि एक साल सांगितले असते, तर आम्ही ऋणको आणि धनको यांची अदलाबदल केली नसती.

येथे कोणी विचारील, "म्हणजे बालगंधर्वांचे मोठेपण आपण कमी करीत आहात काय?" मुळीच नाही. ते आपल्या जिल्ह्याचेही आहेत. लहानपणी ते जळगावास राहिले आणि मेहबूबखाँकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. आजही जळगावात त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. मेहबूबखाँकडून शिकले म्हणून जसे ते लहान ठरत नाहीत, तसे सुंदराबाईंकडून घेतले म्हणूनही ठरत नाहीत. उलट, ज्याला आपल्याकडे नाही ते कोठे आहे हे कळते, आणि जो मान बाजूला ठेवून तेथे शिकायला जातो, त्याचे मोठेपण वाढते. सिंधूच्या पदांत जे कारुण्य भरले ते बालगंधर्वांचेच. आमचे म्हणणे एवढेच की, हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला दोन नावे हवीत. आपण एकच लिहून ठेवले.

हे ऋण फेडण्याचा मार्ग फार खर्चाचा नाही. रावेर, सावदा, फैजपूर या भागांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून एखादी पेटी निघेल. केळीवाल्यांच्या आजोबांनी हौसेने घेतलेला कर्ण्याचा फोनो असेल, कापडात गुंडाळलेल्या तबकड्या असतील. तसे काही सापडले तर आमच्या चार विनंत्या आहेत. गंजक्या सुईने ती वाजवून पाहू नका. तबकड्या एकावर एक रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. लेबलावर जे छापले आहे ते, आणि लेबलाशेजारी खाचेत कोरलेला आकडा, वहीत उतरवून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही तबकडी कोणी आणली, केव्हा लावीत, कोण ऐकायला येई. सोपानदेवांनी आईचे शब्द कागदावर उतरविले नसते, तर आज आपण बहिणाबाईंचे नाव घेतले नसते. ते काम एका मुलाने केले, कोणा विद्यापीठाने नव्हे.

आणखी एक गोष्ट तर काहीच खर्चाची नाही. आपल्या गावात गणेशोत्सवात, कोजागरीला, नाट्यगीतांचे कार्यक्रम होतात. सिंधूची पदे त्यांत हमखास असतात. निवेदक गडकऱ्यांचे नाव घेतो, बालगंधर्वांचे घेतो. गुर्जरांचेही कधी घेतो. पुढच्या वेळी त्याने आणखी एक नाव घ्यावे, आणि त्याने न घेतले तर श्रोत्यांतून कोणी उठून घ्यावे : चाल, बाई सुंदराबाई यांची.